बंदूक मोडली, सुटे भाग विकले!

नको असलेल्या बंदुका लोक पोलिसांकडे जमा करतात, पोलीस त्या नष्ट करायला पाठवतात आणि त्यांचेच भाग बाजारात विकले जातात. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रकार उजेडात आणला. त्यानंतर अमेरिकेतल्या काही राज्यांत बंदुका नेमक्या कशा मोडायच्या, हे ठरवणारी विधेयके आली. त्यांच्याभोवतीचे हे काही गैरसमज.

गैरसमज : नष्ट केली म्हणजे अख्खी बंदूक वितळवली.

वस्तुस्थिती : १९६८ च्या संघीय कायद्यात बंदुकीची कायदेशीर ओळख तिच्या सांगाड्याशी जोडलेली आहे. पिस्तुलात त्याला फ्रेम म्हणतात, रायफलीत रिसीव्हर. अनुक्रमांकही त्यावरच असतो. तेवढा चिरडला की कागदोपत्री बंदूक संपली. नळी, स्लाइड, चाप, स्प्रिंगा मात्र शाबूत. मिसुरीतल्या एका कंपनीने यावरच धंदा उभा केला : पोलिसांचे काम फुकट करायचे, सांगाडा चिरडायचा आणि उरलेला संच ऑनलाइन विकायचा.

गैरसमज : सांगाड्याविना बाकीचे भाग म्हणजे भंगार.

वस्तुस्थिती : नवा सांगाडा जोडला की बंदूक पुन्हा तयार. परवानाधारक दुकानातून तो घेताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते; सुट्या भागांना संघीय कायद्यात अशी तपासणी नाही. अर्धवट घडवलेला सांगाडा घरी पूर्ण केला, तर हाती येते अनुक्रमांक नसलेली ‘घोस्ट गन’. अशा सांगाड्यांवर आणि संचांवर बंधने घालणारा २०२२ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. पण नुसती नळी किंवा स्लाइड विकण्याला तो लागू होत नाही.

गैरसमज : हा लोकांच्या बंदुका काढून घेण्याचा डाव आहे.

वस्तुस्थिती : या विधेयकांतले बंधन पोलिसांवर आणि त्यांच्या कंत्राटदारांवर आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेला कायदा सांगतो, की नष्ट करायची ती जोडभागांसकट सगळी बंदूक. ज्याची बंदूक घरात आहे, त्याला याची झळ नाही.

गैरसमज : पोलिसांनी मनात आणले, की जप्त बंदूक मोडता येते.

वस्तुस्थिती : केंटकीत जप्त बंदुकांचा परवानाधारक विक्रेत्यांना लिलाव होतो. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने अशा बंदुका मोडण्याचा स्वतःचा नियम केला होता; तो राज्याच्या कायद्याविरुद्ध असल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

गैरसमज : पूर्ण नष्ट करणे जमण्यासारखे नाही.

वस्तुस्थिती : लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याने वर्षानुवर्षे बंदुका पोलाद कारखान्याच्या भट्टीत टाकल्या; त्यातून बांधकामाच्या सळया निघाल्या. अडचण लहान गावांची. जवळ भट्टी नाही, वाहतूक आणि पहाऱ्याला पैसा नाही, म्हणून फुकटची सेवा गोड वाटते. विधेयकात या खर्चाची सोय नसेल, तर अंमलबजावणी तिथेच अडणार.

गैरसमज : याने गोळीबार घटतील.

वस्तुस्थिती : बंदुका परत घेण्याच्या मोहिमांनी गुन्हे कमी झाल्याचा ठोस पुरावा २०२१ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातही मिळाला नाही. या विधेयकांकडून तेवढी अपेक्षा धरू नये. आजोबांचे रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या टेबलावर ठेवणाऱ्याला दिलेला शब्द पाळला जावा, एवढीच त्यांची धाव आहे. आणि आजवर अनेक ठिकाणी तेवढेही होत नव्हते.