‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे : अपघात विभागातली सोनोग्राफी



समजा, दुचाकीवरून पडलेल्या एका तरुणाला अपघात विभागात आणलंय. पोटाला मुका मार आहे. बाहेर जखम नाही, पण रक्तदाब उतरतोय. डॉक्टर पोटावर प्रोब ठेवून काही मिनिटांत तपासणी उरकतात आणि लिहितात, ‘निगेटिव्ह’. आता सांगा, पोटात रक्तस्राव नाही असं म्हणायचं का?

या तपासणीला ‘फास्ट’ म्हणतात. तिच्यात चार जागा बघतात : यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोटात मूत्राशयाच्या आसपास आणि हृदयाभोवतीचं आवरण. ताजं, पातळ रक्त पडद्यावर काळं दिसतं. म्हणजे इथे शोध जखमेचा नसतो, साचलेल्या द्रवाचा असतो. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

चूक दोन बाजूंनी होते. कधी नसलेलं रक्त ‘दिसतं’ : हृदयावरची चरबी किंवा जठरातलं पाणी रक्त वाटू शकतं. कधी असलेलं रक्त दिसत नाही. सुरुवातीला ते फार थोडं असतं. गोठलं की काळं न राहता शेजारच्या अवयवासारखं करडं दिसतं. उदरपोकळीच्या मागे, मूत्रपिंडाच्या बाजूला होणारा रक्तस्राव तर या तपासणीत सहसा सापडतच नाही. मशीनचा गेन जास्त ठेवला, तर मूत्राशयामागची बारीक काळी रेघ उजेडात हरवते.

मग काय करायचं? एका स्थिर चित्रावर विसंबायचं नाही; प्रोब सावकाश फिरवून पूर्ण जागा बघायची. उजवीकडे यकृताच्या खालच्या टोकापर्यंत जायचं. डावीकडे प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामधली जागा सोडायची नाही, कारण तिथे रक्त अनेकदा आधी तिथेच साचतं. शक्य असेल तर मूत्राशय रिकामं करण्याआधी ओटीपोट बघायचं. थोड्या वेळाने पुन्हा तपासायचं, आणि रुग्ण स्थिर असेल व शंका उरली असेल तर सीटी स्कॅन करायचा.

आता आपल्या कामाचं गणित. मुक्या मारासाठी केलेल्या अशा सोनोग्राफीवरच्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात संवेदनशीलता ७४ टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के आली. समजा, १००० रुग्णांपैकी २८० जणांना आतून इजा आहे. त्यातले साधारण २०७ सापडतील, ७३ सुटतील. इजा नसलेल्या ७२० पैकी २९ जणांना उगाच ‘पॉझिटिव्ह’ ठरवलं जाईल. बाकीचे ६९१ बरोबर ‘निगेटिव्ह’. म्हणजे एकूण ‘निगेटिव्ह’ ७६४, आणि त्यातले ७३ खरे जखमी. जवळपास दहात एक!

म्हणून ‘निगेटिव्ह’ उत्तरावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हे प्रमाणही ठरलेलं नसतं बरं का. २८० च्या जागी ५०० घालून स्वतः आकडेमोड करून बघा, मग कळेल.

उद्या तुम्ही कुठलंही साधन वापराल, सोनोग्राफी असो, प्रश्नावली असो की सॉफ्टवेअर. निकाल वाचण्याआधी एवढं विचारा : हे साधन नेमकं काय बघतं, आणि काय बघूच शकत नाही? आपल्या प्रबंधातली चूक पुढच्या मसुद्यात सुधारता येते. त्या तरुणाकडे मात्र तेवढा वेळ नसतो.