आधी कार्यकर्ता, मग प्रकल्प

आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे नाटक 1936 सालचे. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि इतर नामवंत कलावंत तेच नाटक घेऊन महाराष्ट्रभर फिरले. प्रयोगांचे उत्पन्न त्यांनी स्वतःसाठी घेतले नाही. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या साथीने त्यातून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. तळागाळात पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, ही त्याची रीत.

देणगीदाराला सहसा इमारत, रुग्णवाहिका, संगणक द्यायला आवडतो. त्यावर नावाची पाटी लावता येते. या निधीने कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटती राहावी, एवढेच पाहिले. चूल विझली की चळवळीतला माणूस नोकरी शोधू लागतो आणि वस्तीतली जुळवलेली माणसे पांगतात. कोणाला मदत करायची, याचे इतके नेमके उत्तर फार थोड्या दात्यांनी दिले आहे.

ही कसोटी सोलापुरात लावून पाहावी. गिरण्या बंद पडलेल्या या शहराच्या पूर्व भागात हजारो बायका घरी विड्या वळतात. पाने आणि तंबाखू कारखान्याच्या ब्रँचमधून आणायचा, वळलेल्या विड्या तिथेच मोजून द्यायच्या. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन यांतले काहीच आपोआप पदरात पडत नाही. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची वसाहत आहे. तिथली 10 हजार घरे 2006 साली बायकांच्या हाती आली. त्याआधीची कित्येक वर्षे सभा, मोर्चे, अर्ज आणि कागदपत्रांत गेली. त्या वर्षांत कोणी अहवाल मागितला असता, तर ‘लाभार्थी’ या रकान्यात काय लिहिणार होते? बदलाचे सर्वात कष्टाचे काम त्याच वर्षांत झाले.

आजच्या देणगीव्यवहारात हीच वर्षे नजरेआड होतात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, देणगीवरच्या करसवलतीसाठीची 80जी मान्यता हे सगळे हवेच. लोकांचा पैसा आहे, हिशेब चोख लागतो. पण कागद नीट आहेत एवढ्यावर संस्था खरी ठरत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, आणि त्यातला मोठा ओघ मोजता येणाऱ्या, फोटोत मावणाऱ्या प्रकल्पांकडे वळला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने अशा देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायलाही मनाई केली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेने असा पैसा सोलापूरच्या लहान गटापर्यंत पोचवण्याची वाट बंद झाली.

म्हणून देशातल्या दात्यांवरची जबाबदारी वाढली आहे. त्यांनी कार्यालयात बसून सादरीकरण पाहू नये, वस्तीत जावे. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ; तिथल्या बाईशी तिच्या भाषेत कोण बोलते, ते पाहावे. कार्यकारिणीत विडी वळणाऱ्या बायका आहेत का? खर्चाची वही त्यांना दाखवली जाते का? लोकांनी स्वतःची वर्गणी घातली आहे का? मुख्य कार्यकर्ती महिनाभर आजारी पडली तर बैठक कोण घेते? शेजारच्या दुसऱ्या संघटनेला या माणसांबद्दल काय वाटते, हेही विचारावे. एकाच रस्त्यावर काम करणाऱ्यांना एकमेकांची पारख बाहेरच्या माणसापेक्षा जास्त असते.

आणि निवड झाल्यावर निदान पाच वर्षे सोबत राहावे. वर्षाच्या करारावर बालवाडीला रंग देता येतो. हक्क मागायला शिकलेली वस्ती वर्षात घडत नाही. लागू, फुले, आढाव आणि दाभोलकर यांनी मदतीला ‘कृतज्ञता’ म्हटले, कारण आपल्या वाट्याची लढाई दुसरे कोणी लढते आहे, याची त्यांना जाण होती. ती जाण असलेला दाता अटी कमी घालतो, प्रश्न नेमके विचारतो आणि मानधन वेळेवर पाठवतो. सोलापूरच्या वस्त्यांतून कार्यकर्ते आजही उभे राहतात. ते टिकतील की नाही, हे मात्र आपण देणगी देताना काय निवडतो त्यावर ठरणार आहे.