अंदाज कोणी बांधायचा?

प्रोसेसरला थांबणं परवडत नाही. ‘जर-तर’चा फाटा आला, की अटीचा निकाल लागण्याआधीच तो एक वाट धरतो आणि पुढची कामं उरकू लागतो. अंदाज चुकला, तर केलेलं टाकून देतो. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात. पण अंदाज बांधायचा कोणी, हार्डवेअरने की प्रोग्रामचं चिपच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरने? या प्रश्नावर चिपच्या जगात दोन तट पडले.

सूचनांचा क्रम चिपनेच चालता चालता बदलायचा, ही रीत आयबीएमच्या रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली मांडली. उलट बाजूने संगणकशास्त्रज्ञ जॉश फिशर १९८१ मध्ये म्हणाले, की प्रोग्राम बहुतेक वेळा कोणत्या वाटेने जातो हे कंपायलरने आधीच ताडावं आणि त्या वाटेवरच्या सूचना फाट्याच्या अलीकडे आणून ठेवाव्यात. चिप साधी राहील, विचार एकदाच होईल. त्यांची मल्टिफ्लो आणि याच तटातल्या बॉब राव यांची सायड्रोम या कंपन्या १९९०पर्यंत बंद पडल्या, पण दोघेही एचपीत गेले. तिथला विचार इंटेलच्या साथीने २००१ साली इटेनियम हा प्रोसेसर होऊन बाजारात आला. त्यात कंपायलर मेमरीतली किंमत आगाऊ मागवून ठेवी. मागणी फसली, तर रजिस्टरवर खूण उमटे आणि खरी गरज पडली की ती तपासली जाई.

घोडं अडलं मेमरीपाशी. हवी ती किंमत कॅशमध्ये, म्हणजे चिपजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत असेल, तर चिपच्या घड्याळाच्या काही चक्रांत मिळते. नसेल, तर शेकडो चक्रं जातात. यातलं काय घडणार, हे कंपायलरला आदल्या दिवशी कसं कळावं? इंटेलचाच १९९५चा पेंटियम प्रो मात्र ते चालता चालता पाहत होता आणि वाट पाहणारी सूचना बाजूला ठेवून दुसरी उरकत होता. त्यात २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने जुनी सॉफ्टवेअरं चालवत ६४ बिटांची सोय दिली. इटेनियम मागे पडला आणि २०२१ साली त्याची शेवटची खेप गेली.

हार्डवेअरच्या जिंकण्याची किंमत मात्र ३ जानेवारी २०१८ रोजी उघड झाली. चुकलेल्या वाटेवरचं काम चिप टाकून देते, पण कॅशमधल्या पाऊलखुणा तशाच राहतात. त्यांवरून गुपितं काढता येतात, हे स्पेक्टर आणि मेल्टडाउन या हल्ल्यांनी दाखवलं. मग गुगलने रेटपोलिन काढलं: धोक्याच्या उडीवर चिपचा अंदाज निरुपद्रवी जागी अडकून पडेल, अशा सूचनांची जुळणी. ती करायची कोणी? कंपायलरने. ज्याच्या हातून अंदाजाचं काम काढून घेतलं होतं, त्यालाच आता अंदाजाला वेसण घालायला बोलावलं गेलं.