ईडन खोऱ्यातल्या सतरा गावपंचायती आणि त्यांनी स्वतः केलेला आराखडा

इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लंडनच येतं. पण त्याच देशात वायव्येला, स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ, मेंढ्या आणि दुभत्या गाईंवर जगणारा एक मोठा ग्रामीण मुलूख आहे. कंब्रिया हा तिथला जिल्हा आणि ईडन हा त्यातला तालुका, असे समजून चालू. खरे म्हणजे ‘होता’ म्हणायला हवे, कारण 1 एप्रिल 2023 रोजी हा तालुका सरकारी कागदावरून गेला. पण ते पुढे सांगतो.

ईडन नदीच्या खोऱ्यावरून तालुक्याला हे नाव पडले. 1974 साली जुन्या लहानलहान परिषदा एकत्र करून तो बनवला. क्षेत्र सुमारे 2,150 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेत माणसे किती, तर साडेबावन्न हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम 24 माणसे. इतकी विरळ वस्ती इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याच तालुक्यात नव्हती. पेनरिथ हे मोठे गाव, त्याखालोखाल ॲपलबी, कर्कबी स्टीफन आणि डोंगरात उंचावरचे ऑल्स्टन. बाकी सगळी खेडी आणि सुटे मळे. हवा थंड, पाऊस भरपूर, त्यामुळे गवत हेच मुख्य पीक. उन्हाळ्यात त्याचा मुरघास आणि वाळला चारा करून ठेवायचा आणि हिवाळाभर गोठ्यातल्या गाईगुरांना घालायचा.

डोंगरावरची चराई मात्र सामाईक असते. तिथे कुंपण नाही. मग एकाचा कळप दुसऱ्याच्या हद्दीत कसा जात नाही? तर मेंढीला आपला टापू माहीत असतो. ती ज्या उतारावर चरते तिथेच तिचे कोकरू चरायला शिकते, ते मोठे झाले की पुढच्या कोकराला शिकवते. अशी पिढ्यान्‌पिढ्या ही हद्द मेंढ्यांच्याच डोक्यात राहते. इंग्रजीत याला ‘हेफ्ट’ म्हणतात. शेत विकले गेले तरी डोंगरावरचा कळप बहुधा शेताबरोबरच नव्या मालकाकडे जातो, कारण बाहेरून आणलेली मेंढी तिथे टिकत नाही, भटकते. तरीही चुकलेल्या मेंढीची ओळख पटावी म्हणून कानाला खाच आणि लोकरीवर रंगाची खूण असते. कोणाची खूण कोणती, याची छापील पुस्तकेसुद्धा आहेत.

2001 चे साल

हे एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण त्याशिवाय 2001 साली तिथे काय बुडाले ते कळणार नाही. त्या वर्षी 20 फेब्रुवारीला इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकूत जाहीर झाली. तोवर आजारी मेंढ्या बाजारांतून फिरून कंब्रियातल्या लाँगटाऊनच्या मेंढीबाजारात पोचल्या होत्या, आणि तिथून व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून गावोगाव. आपल्याकडे या रोगावर लस टोचतात. तिथे सरकारचे धोरण लस न देण्याचे आणि बाधित कळप मारून टाकण्याचे होते. पुढे तर शेजारच्या शेतातली निरोगी जनावरेही मारली. देशभरात दोन हजारांवर ठिकाणी रोग निघाला, त्यातली 893 ठिकाणे एकट्या कंब्रियात. मारलेली जनावरे साठ लाखांवर गेली. उन्हाळ्याच्या शेवटी सगळीकडे रोग आटोपत आला, तरी पेनरिथच्या आसपास तो पुन्हा भडकला. 30 सप्टेंबरला नोंदलेले शेवटचे प्रकरण ॲपलबीजवळच्या एका शेतातलेच होते.

मारलेल्या जनावरांची भरपाई मिळाली, आणि ती बाजारभावाने मिळाली. पण डोंगरावरचा जो कळप गेला त्याच्याबरोबर हद्दीची आठवणही गेली, आणि तिची भरपाई कशी मोजणार? नव्या मेंढ्यांना टापू शिकवायला राखणी आणि तात्पुरती कुंपणे करावी लागली, वर्षे गेली. शिवाय पायवाटा बंद ठेवल्यामुळे पर्यटक फिरकले नाहीत, आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळवणाऱ्या शेतकरी कुटुंबांची ती मिळकतही बुडाली.

पोराला घर कुठे बांधायचं?

दुसरी अडचण संथपणे आली. एका बाजूला लेक डिस्ट्रिक्ट, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायर डेल्स, दोन्ही निसर्गरम्य. शहरातले लोक निवृत्त झाले की इथे येऊन घरे घेतात. काही जण तर फक्त सुट्टीपुरती घरे ठेवतात. भाव चढले. शेतकऱ्याच्या मुलाला गावात घर परवडेना आणि स्वतःच्या शेतावर बांधायला परवानगी मिळणे अवघड. नियोजनाचा एकूण कल असा, की नवी घरे जिथे दुकान, शाळा, बस आहे तिथेच व्हावीत. नियम वाईट नाही, पण लहान गावात मग काहीच बांधायचे नाही असे होते. मुले गेली की शाळा ओस, शाळा गेली की गावात उरतो तो म्हातारा माणूस.

2011 साली तिथे स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा आला. पॅरिशला, म्हणजे तिथल्या गावपंचायतीला, आपल्या हद्दीच्या विकासाचा आराखडा स्वतः करण्याचा हक्क मिळाला. पॅरिश कौन्सिल हे फार छोटे प्रकरण. पूर्णवेळ कर्मचारीही बहुतेक ठिकाणी नाही, एक अर्धवेळ कारकून असतो. मतदार फारच थोडे असले तर निवडलेले मंडळही नसते, मतदारांची सभाच कारभार पाहते. कर्कबी स्टीफनच्या आसपासच्या अशा सतरा पॅरिश एकत्र आल्या आणि वरच्या ईडन खोऱ्याचा एकच आराखडा त्यांनी तयार केला. शेतावर घर, म्हाताऱ्यांसाठी सोयीची घरे, स्थानिकांना परवडेल असे घर आणि खेड्यापर्यंत वेगवान इंटरनेट असे त्याचे विषय. बारा बाबी घालून फुगवला नाही, हे मला विशेष वाटते.

आराखडा स्वतंत्र परीक्षकाने तपासला. मग 7 मार्च 2013 रोजी लोकांचे मत घेतले. देशात या कायद्याखाली मताला गेलेला हा पहिला आराखडा. मतदान साधारण तिघांत एकाने केले, ते कमीच म्हणायला हवे, पण ज्यांनी केले त्यांतल्या दहापैकी नऊ जणांनी होकार दिला. त्यानंतर तो आराखडा कायद्याने बांधील झाला. परवानगीच्या अर्जाचा निकाल त्याला धरून द्यायचा, विरुद्ध द्यायचा तर सबळ कारण हवे. गावाच्या ठरावात आणि यात फरक आहे तो हाच.

जवळच्या क्रॉस्बी रेव्हन्सवर्थ गावाने तर आणखी पुढे पाऊल टाकले. गावाने ट्रस्ट काढून स्थानिकांसाठी घरे उभी केली. गावातली बंद पडलेली एकमेव खानावळ-दारूगुत्ता गावकऱ्यांनी भाग घेऊन विकत घेतली आणि 2011 साली पुन्हा सुरू केली. दारूगुत्ता म्हणून नाक मुरडू नका, तिथे ती गावाची चावडीच असते.

यानंतर वरच्या पातळीवर दोनदा हद्दी हलल्या. 2016 साली यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यान वाढवले, तेव्हा या खोऱ्यातली काही गावे त्यात गेली आणि त्यांच्या बांधकाम परवानग्या उद्यानाच्या प्राधिकरणाकडे आल्या. मग 2023 साली ईडन, साउथ लेकलँड आणि बॅरो हे तीन तालुके व जिल्हा परिषदेचे काम मिळून ‘वेस्टमोरलंड अँड फर्नेस’ ही एकच परिषद झाली. बॅरो म्हणजे पाणबुड्या बांधणारे समुद्रकाठचे शहर. एकट्या ईडनच्या परिषदेत 38 सदस्य होते. नव्या परिषदेत तिन्ही तालुक्यांचे मिळून 65 आहेत. खर्च वाचतो, दोनदोन कचेऱ्यांचे हेलपाटे टळतात, असे तिचे समर्थक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण मेंढपाळाची बाजू मांडणारी माणसे सभागृहात प्रमाणाने कमी झाली, हेही तितकेच खरे.

पॅरिश मात्र जागेवर आहेत. त्यांच्या सभा भरतात, रस्ते, पायवाटा, स्मशानभूमी यांवर बोलणी होतात, घरांच्या अर्जांवर मत कळवले जाते. आणि ऑक्टोबरात कर्कबी स्टीफनला स्वेलडेल जातीच्या मेंढ्यांचा लिलाव भरतो, तेव्हा एकेका नराला हजारो पौंडांची बोली लागते.