हेल्मेट एक, क्रियापदे दोन : मस्ट आणि हॅव टू

मागच्या आठवड्यात कॅन आणि मे यांची जोडी सोडवली. आजची जोडी जास्त चिवट आहे. नागपूर विभागीय मंडळाची बारावी देणारा भंडाऱ्याचा विद्यार्थी वाक्यात मस्ट दिसला की पुढे 'ऑब्लिगेशन' लिहितो आणि गुण घेतो. गाईडमध्ये हॅव टूचाही अर्थ तोच दिलेला असतो. मग एकाच अर्थासाठी इंग्रजीने दोन क्रियापदे कशाला पोसली, हा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नाही.

त्याचे उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. 'आजोबांना एकदा डॉक्टरला दाखवायला पाहिजे' या वाक्यात काळजी बोलणाऱ्याची आहे. त्याला कोणी सांगितलेले नाही, त्याचे त्यालाच वाटते आहे. 'आजोबांना दर सोमवारी नागपूरला न्यावं लागतं' यात मात्र वार दवाखान्याने ठरवला आहे, नेणाऱ्याची सोय कोणी विचारलेली नाही. पहिल्या ठिकाणी मस्ट, दुसऱ्या ठिकाणी हॅव टू. 'मले जा लागते' म्हणणारा आपला माणूस हा भेद दिवसभर अचूक पाळतो. इंग्रजीच्या तासालाच तो विसरायला लावतात.

धानाचेच बघा. आधारभूत केंद्रावर धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, सातबारा जोडावा लागतो. नियम सरकारचा, म्हणून शेतकरी म्हणेल 'वुई हॅव टू रजिस्टर'. पण 'यंदा रोवणी वेळेत उरकलीच पाहिजे' असे घरच्या कर्त्या बाईने ठरवले, तर ते 'वुई मस्ट'.

म्हणजे सक्ती किती कडक, हा प्रश्नच नाही. ती कोणाच्या तोंडून येते, हे पाहायचे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. अशा खाणीच्या फाटकावर हेल्मेटची पाटी लिहायची झाली तर मस्ट हवा, कारण तिथे नियम करणाराच बोलतो. त्याच फाटकातून आत जाणारा कामगार घरी मुलीला सांगेल, 'आय हॅव टू वेअर अ हेल्मेट'. हेल्मेट तेच, बोलणारा बदलला.

ही कुंपणे रोजच्या बोलण्यात तितकी पक्की राहत नाहीत, हेही सांगायला हवे. अमेरिकन माणूस दोन्ही कामे हॅव टूवरच भागवतो, आणि तेही 'हॅफ्टू' असे एका दमात उच्चारून. बोलताना मस्ट जरा दरडावल्यासारखा वाटतो. साहेबांना अर्ज करताना 'यू मस्ट सँक्शन माय लीव्ह' लिहिणाऱ्याला रजा मिळाली तर नशीब समजावे. पाहुण्याला 'यू मस्ट कम' म्हटले की मात्र तोच शब्द गोड होतो, आपल्या 'आलंच पाहिजे'सारखा.

इथपर्यंत चुकले तरी फार बिघडत नाही. खरा घोळ नकारात होतो, आणि तिथे हयगय परवडणारी नाही. वैनगंगेला पूर आला की कारध्याचा जुना पूल पाण्याखाली जातो. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर भंडारेकरांना आठवत असेल. अशा वेळी पुलाच्या तोंडाशी 'यू मस्ट नॉट क्रॉस' लिहिले तर अर्थ होतो, ओलांडायचा नाही म्हणजे नाही. त्याच जागी कोणी 'यू डोन्ट हॅव टू क्रॉस' लिहिले, तर अर्थ निघतो, ओलांडायलाच हवा असे काही नाही, हौस असेल तर जा!

असे का होते? हॅव टूला नकार जोडला की सक्तीच निघून जाते. मराठीतही तसेच आहे : 'यावं लागणार नाही' म्हणजे सुटका. मस्टपुढे नॉट आला की सक्ती जागेवर राहते आणि कृतीवर बंदी येते, आपल्या 'येता कामा नये'सारखी. विद्यार्थ्यांनी बाकी सगळे विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये.

उरलेले थोडक्यात. या अर्थाच्या मस्टला भूतकाळ नाही, काल जावे लागले असेल तर दोन्हींसाठी 'हॅड टू'च. 'ही मस्ट हॅव गॉन' मध्ये मात्र सक्तीचा संबंध नाही. तो अंदाज आहे : 'तो गेला असणार'. परीक्षेत इथे ऑब्लिगेशन लिहिले की गुण गेला.

घरी करून पाहण्यासाठी तीन वाक्ये देतो. प्रत्येकात आधी बोलणारा कोण ते ठरवा, मग क्रियापद निवडा : 'उद्या शाळेला सुट्टी आहे, लवकर उठावं लागणार नाही', 'विजेच्या तारेला हात लावायचा नाही', 'आता मला अभ्यासाला बसलंच पाहिजे'.

पुढच्या आठवड्यात शॅल. राज्यघटनेचे कलम 21-अ हाताशी ठेवा. 6 ते 14 वर्षांच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे ते कलम इंग्रजीत एकाच वाक्याचे आहे, आणि त्या वाक्यात शॅलही आहे, मेही आहे.