संगणकाचा इशारा आणि माणसाचा निवाडा

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आपल्याकडे ही घटना कल्पना चावलांच्या नावाने स्मरणात राहिली. मला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो: संगणकाने दिलेल्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवायचा?

१६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. ही कड कार्बन-कार्बन या संमिश्र पदार्थाची होती. कार्बनच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून, थरावर थर रचून ते भाजतात. भाजताना राळेचाही कार्बन होतो. परतीच्या प्रवासातली प्रचंड उष्णता हा पदार्थ सोसतो. आघाताचे मात्र तसे नाही.

पितळेचा तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. धातू वाकून आघात पचवतो आणि खूणही ठेवतो. थरांच्या संमिश्र पदार्थात धाग्यांना धरून ठेवणाऱ्या भागाला तडे जातात, भिजलेल्या प्लायवूडसारखे पदर सुटतात, जोराचा मार असेल तर धागेही तुटतात. कित्येकदा वरून काहीच दिसत नाही. म्हणून आतली इजा ओळखायला संगणकावर प्रतिमान उभारतात. वस्तूचे हजारो, कधी लाखो लहान घटकांत विभाजन करायचे. प्रत्येक घटकाला धाग्यांची दिशा आणि ताकद द्यायची. दोन थरांमध्ये ठरावीक ताणाला सुटणारा जोड कल्पायचा. मग सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान पावलांनी आघात पुढे सरकवत न्यायचा. हिशेब संगणक करतो. पण ताकदीचे आकडे प्रयोगशाळेत खरे तुकडे मोडूनच मिळतात.

कोलंबिया अवकाशात असताना असे तपशीलवार प्रतिमान वापरले गेले नाही. ‘क्रेटर’ नावाचे एक सूत्र होते, तेही यानाच्या उष्णतारोधक फरश्यांसाठी. ते जास्तीत जास्त ३ घनइंचांच्या तुकड्यांवर पारखलेले होते. सुटलेला फोम त्याच्या शेकडो पट मोठा होता. तरीही फरशीच्या जाडीपेक्षा खोल इजा होईल, असे उत्तर त्याने दिले. ‘क्रेटर’ नेहमीच वाढवून सांगते, फरशीचा खालचा थर अधिक घट्ट असतो, असे म्हणून ते सौम्य केले गेले. कार्बनच्या कडेसाठीचे सूत्र बर्फाच्या माऱ्यावरून बसवले होते. फोम बर्फापेक्षा हलका, म्हणून त्याचाही इशारा सौम्य ठरला. कक्षेतल्या यानाची छायाचित्रे घ्यावीत, ही अभियंत्यांची मागणी पूर्ण झाली नाही.

७ जुलै २००३ रोजी सॅन अँटोनिओ येथील चाचणीत सुमारे पाऊण किलोचा फोम ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने तशाच खऱ्या कडेवर मारला गेला. जवळजवळ ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. त्यानंतर नासा आणि बोइंगच्या अभियंत्यांनी तपशीलवार प्रतिमाने रचली. आधी लहान तुकड्यांवर, मग पूर्ण पॅनेलवर, प्रत्येक पायरीला प्रयोगाशी ताडून.

दोष केवळ सूत्राचा होता, असे मला वाटत नाही. पारखलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर प्रतिमानाचे ‘धोका आहे’ हे उत्तर जितके कच्चे, तितकेच ‘धोका नाही’ हेही कच्चे. तिथे शंकेचा एकच निष्कर्ष निघतो: जाऊन पाहा. त्या दिवसांत शंका घेतली गेली ती भीतीदायक उत्तरावर. दिलासा देणाऱ्या तर्काला मात्र कुणी पुरावा मागितला नाही.

आज बोइंग ७८७ विमानाच्या रचनेचे निम्मे वजन संमिश्र पदार्थांचे आहे. त्यांच्यावर गारा पडतात, पक्षी आदळतात, दुरुस्तीच्या वेळी हातातले पान्हेही पडतात. त्यामुळे हा प्रश्न आता अंतराळवीरांपुरता राहिलेला नाही. संगणकाच्या पडद्यावरचे रंगीत चित्र कितीही हुबेहूब असो, ते दाखवणाऱ्याला आधी एवढेच विचारावे: हे कोणत्या आकाराच्या, कोणत्या वेगाच्या आघातावर पारखले आहे?