ताटाने घडवलेली जनुकं

मी घाटकोपरच्या शाकाहारी घरातली. लग्न करून मुलुंडला आले ती बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेल्या मालवणी माणसांत. "मासळीवाचून तुमच्या माहेरच्यांचं भागलं कसं गो?" सासूबाई अजून विचारतात. उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो.

मेंदूला आणि पेशींच्या आवरणाला लांब साखळीची मेदाम्लं लागतात. मासे-मटणात ती आयती मिळतात. शेंगदाणा, तीळ, करडई खाणाऱ्याच्या शरीराला ती घडवावी लागतात. हे काम सुकर करणारा 'एफएडीएस२' जनुकातला बदल कॉर्नेल विद्यापीठाच्या कुमार कोथापल्ली, टॉम ब्रेना आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये अभ्यासला. पुण्यातल्या, मुख्यतः शाकाहारी २३४ जणांपैकी ६८ टक्के लोकांत तो आई-वडील दोघांकडून आलेला होता. ३११ अमेरिकनांत फक्त १८ टक्के. समुद्रावर जगणाऱ्या ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत याच्या उलट रूप प्रबळ. ताटातली रीत पिढ्यान् पिढ्या टिकली, की तिला साजेशी जनुकं फोफावतात.

प्रौढपणी दूध पचवणारा जनुकबदलही असाच पशुपालकांत पसरला. पण संस्कृती कधी जनुकांचं काम हलकंही करते: दह्यातले जिवाणू दुधातली साखर आधीच बरीच फस्त करतात.

जनुकं मात्र सावकाश बदलतात, बाजार झपाट्याने. 'एफएडीएस२'मधला तो बदल असलेल्यांनी ओमेगा-६ मेदाम्लांनी भरलेली तेलं जास्त खाल्ली, तर दाह वाढवणारी द्रव्यं शरीरात जास्त बनू शकतात, असा संशोधकांचा इशारा आहे. म्हणून सूर्यफुलाच्या तेलाचा पाच लिटरचा डबा मी घरात आणणं थांबवलंय. जवसाची चटणी मात्र सासूबाईंनाही आवडते, बांगड्यासोबत!